कापसाने बांधलेले पूल आणि कापूसवाल्याचा नाला

(कामतघर, भिवंडी येथे कोरडवाहू कापूस-ज्वारी उत्पादकांच्या दोन दिवसांच्या अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन. जिल्हा बैठकांत वाचून दाखवून त्यावर चर्चा करावी, ही विनंती.)



काल दिवसभर आपण कामतघरात हिंडलो. लूमच्या खडखडाटाने काहींचे कान अजून बसलेले असतील. आपण पिकवलेल्या कापसाचे सूत होऊन इथे कापड कसे निघते, ते आपण डोळ्यांनी पाहिले. कापसाबरोबर पॉलिएस्टरचे सूतही त्याच लूमवर चढते, तेही पाहिले. त्यावर काल रात्री पुष्कळ बोलणे झाले. आज मी वेगळ्या विषयावर बोलणार आहे.

सकाळी वऱ्हाळा तलावाच्या काठी चहा घेत होतो. आपल्यातल्या एका म्हाताऱ्या बाबांनी मला विचारले, ‘भाऊ, आपला कापूस इथवर येतो कसा?’ मी म्हटले, जिनिंगमध्ये सरकी निघते, गाठी बांधल्या जातात, सूतगिरणीत सूत होते आणि सूत ट्रकने येते. बाबा म्हणाले, ‘ते समजलं. पण नद्या किती वलांडते?’

मी शेतकी पदवीधर. बोंडअळीच्या अवस्था मला पाठ आहेत. या प्रश्नाचे उत्तर मात्र माझ्याजवळ नव्हते. मग बोटांवर मोजू लागलो. जळगावजवळ गिरणा, धुळ्याला पांझरा, मालेगावला मोसम आणि पुन्हा गिरणा, नाशिकला गोदावरी, मग कसारा घाट उतरून खाली कोकणात. मधले नाले आणि ओढे तर शेकड्याने. या प्रत्येकावर कुणीतरी, कधीतरी पूल बांधला आहे. आपण गाडीत झोपलेले असतो, पूल खालून निघून जातो. पुलाची आठवण माणसाला तो पडला म्हणजेच येते.

बाबांच्या प्रश्नात आणखी एक प्रश्न दडलेला होता. तो मी शेवटी सांगतो.

बैलाच्या पाठीवरचा कापूस

रेल्वे येण्याआधी वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून निघत असे. लमाण आणि वंजाऱ्यांचे तांडे तो वाहत. एक वाट मुंबईकडे यायची. दुसरी उत्तरेला गंगाकाठच्या मिर्झापूरला जायची आणि तिथून माल नावेने कलकत्त्याला जायचा. शेकडो मैलांचा पल्ला. धुळीने कापूस मळायचा, अवकाळी पाऊस आला की भिजायचा, आणि नदीला पूर असला की काठावर तांडा पडून राहायचा.

नदीचे पाणी जिथे पसरट आणि तळ घट्ट असतो, त्या जागेला आपण उतार म्हणतो. उतार ओळखणे ही विद्या होती. कुठे वाळू रुतते, कुठे खडक आहे, काल रात्री वर पाऊस झाला असेल तर पाणी किती वेळाने उतरेल, हे ढिवर, भोई, कोळी यांना ठाऊक असे. त्यांचे डोंगे आणि नावा म्हणजे त्या काळचे पूल. आपल्याकडची कितीतरी गावे आणि बाजार उताराच्या काठालाच वसले आहेत. तुमच्या गावची सर्वांत जुनी वाट नदी कुठे ओलांडते ते पाहा. नवा पूल बहुतेक तिथेच किंवा तिथून हाकेच्या अंतरावर झालेला असतो.

ही भिवंडीसुद्धा वाटेवरचीच. कामवारी नदी आणि पुढची खाडी यांमुळे इथे घाटावरून उतरणारा माल आणि समुद्रातून येणारा माल एकमेकांना भेटायचा. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली, ती या जागेची किंमत ओळखूनच. पुढे मुंबई-आग्रा रस्ता इथून गेला. आजही ठाण्याकडून भिवंडीला यायचे तर काशेळीला खाडी ओलांडावी लागते.

पूल कुणासाठी झाले?

आता सालांची थोडी उजळणी करू. साले कंटाळवाणी वाटतात, पण त्यांत आपल्या बापजाद्यांचा हिशेब आहे.

१८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता झाला. १० नोव्हेंबर १८३० रोजी गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी तो खुला केला. खंडाळ्याजवळचा दगडी पूल, ज्याला पुढे सगळे ‘अमृतांजन पूल’ म्हणू लागले, तो याच घाटरस्त्याचा. १८५३ मध्ये इंग्रजांनी निजामाशी तह करून वऱ्हाड आपल्या कारभाराखाली घेतला. त्याच वर्षी १६ एप्रिलला मुंबई-ठाणे रेल्वे धावली. १ मे १८५४ ला ती कल्याणला पोचली, त्यासाठी ठाण्याच्या खाडीवर दगडी कमानींचा पूल बांधावा लागला. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस बंद पडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांना आपला कापूस सोन्यासारखा वाटू लागला. १८६३ मध्ये रेल्वे बोरघाट चढली, १८६५ मध्ये थळघाट. १८६७ मध्ये नागपूर. १८७० मध्ये खामगावला फाटा आणि १८७१ मध्ये अमरावतीला. खामगाव आणि अमरावती तेव्हा कशाच्या बाजारपेठा होत्या, हे तुम्हाला मी सांगायला नको.

नद्यांवरचे हे दगडी पूल आमच्या सोयीसाठी झाले नाहीत. ते कापसाच्या गाठींसाठी झाले. बोरघाटाच्या कामावर १८६१ मध्ये चाळीस हजारांवर मजूर होते आणि पटकीने त्यांतले किती मेले, त्यांची नावे कुठल्या दगडावर कोरलेली नाहीत. दगड आमच्या डोंगराचा, घाम आमच्या मजुराचा आणि खर्चाची वसुली आमच्याच मालाच्या भाड्यातून.

म्हणून कुणी मला सांगितले की जुने पूल हा इंग्रजांचा वारसा, तर मला ते पटत नाही. हा पाथरवटांचा, वडारांचा, बेलदारांचा आणि चुना भाजणाऱ्या लोणाऱ्यांचा वारसा आहे. आणि दुसरा कुणी म्हणाला की वारसा-बिरसा ही शहरातल्या लोकांची चैन, आपल्याला काय त्याचे, तर तेही मला पटत नाही. ज्याने किंमत मोजली, त्याने वस्तू टाकून देऊ नये.

शिवाय दगडी पूल इंग्रजांनीच आणले असेही नाही. प्रतापगडाच्या पायथ्याशी पार गावाजवळ कोयनेवर शिवकालीन दगडी पूल आहे. प्रवाहाच्या बाजूला त्याचे खांब निमुळते आहेत, पाणी त्यावर आपटत नाही, दुभंगून जाते. औरंगाबादला, आजच्या छत्रपती संभाजीनगरला, खाम नदीवर जुन्या दरवाजांना लागून कमानींचे पूल आहेत. पुण्यात पानिपतानंतर १७६१ मध्ये मुठेवर लाकडाचा पूल झाला. पुढे तिथे दगडी पूल आला, सरकारी नाव संभाजी पूल झाले, लाकूड कधीच गेले, पण लोक अजून लाकडी पूलच म्हणतात. ओलांडण्याची जागा लोकांच्या तोंडात अशी टिकते.

चुना, दगड आणि कमान

हे पूल टिकले कसे, हे समजून घेऊ. कारण टिकण्याचे कारण कळले तर पडण्याचे कारणही कळते.

कमानीत लोखंड नसते. पाचरीसारखे घडवलेले दगड एकमेकांना रेटून उभे असतात. वरून वजन आले की ते आणखी घट्ट बसतात. गंजायला त्यात काही नाही. दगडांच्या सांध्यात चुना. लोणारी चुनखडी भाजून कळीचा चुना करत, तो पाण्यात विरवत, मग वाळू आणि भाजलेल्या विटेचा चुरा, म्हणजे सुरखी, घालून बैलाच्या घाण्यात मळत. कुठे गुळाचे पाणी, कुठे हिरड्याचे, कुठे बेलफळाचा गर. चुना हळू घट्ट होतो, पण ओल आत अडवून ठेवत नाही. पूल थोडा हलला, तर चुना तेवढा हलू देतो.

जुने ते सगळे सोने, असे मात्र समजू नका. बोरघाटातला रेल्वेचा आठ कमानींचा मोठा दगडी पूल जुलै १८६७ मध्ये कोसळला. बांधून फार वर्षे झाली नव्हती. बाहेरून घडीव दगड, आणि आत कच्ची भरती. त्यानंतर त्या रेल्वेचे कितीतरी पूल तपासून पुन्हा बांधावे लागले. घाईचे काम आणि ठेकेदारीतली कसर त्या काळीही होती. जे पूल चांगले बांधले आणि ज्यांची निगा राहिली ते आज उभे आहेत, उरलेले केव्हाच गेले. उभे आहेत तेवढेच पाहून आपण म्हणतो, तेव्हाचे काम पक्के!

आणखी एक. दगडी पूल सहसा वरून पडत नाही, तो खालून पडतो. पुराचे पाणी खांबाच्या मुळाशी भोवरा करते आणि तळ खणते. पाया खडकात असला तर पाण्याचे काही चालत नाही. पण नदीतली वाळू उपसून तळ खाली गेला, की पाया उघडा पडतो. शेतातल्या पिकाची मुळे उघडी पडली तर झाड वरून हिरवे दिसते आणि एका वाऱ्यात लोळते, तसेच हे. पुलाजवळ वाळू उपसायला कायद्याने मनाई आहे. पण रात्री ट्रॅक्टर कुणाचे असतात, ते या मांडवात बसलेल्यांपैकी काहींना माहीत आहे. राग मानू नका. काही वेळा ट्रॅक्टर आपलेच असतात.

सावित्री, पंचगंगा, इंद्रायणी

२ ऑगस्ट २०१६ ची रात्र. महाडजवळ मुंबई-गोवा महामार्गावर सावित्री नदीचा दगडी पूल पुरात वाहून गेला. १९२८ चा पूल. जयगडहून आणि राजापूरहून येणाऱ्या दोन एसटी बसगाड्या आणि एक जीप अंधारात सरळ नदीत गेल्या. शेजारी नवा पूल होता, तो टिकला. जुन्या पुलाची मे महिन्यात तपासणी झाली होती आणि धोका आढळला नव्हता, असे तेव्हा सरकारकडून सांगितले गेले. नंतर नवा पूल १६५ दिवसांत बांधून ५ जून २०१७ ला खुला झाला. मनात आणले तर साडेपाच महिन्यांत पूल होतो. पण मनात यायला आधी माणसे वाहून जावी लागली.

त्यानंतर राज्यभर जुन्या पुलांची तपासणी झाली. इथून जवळच कळव्याला ठाण्याच्या खाडीवर ब्रिटिशकालीन दगडी पूल आहे. त्याच्या शेजारी नवे पूल झाले आणि जुन्यावरची वाहतूक थांबवली. हे शहाणपणाचे झाले. शहाणपण अवजड रस्त्यावर दिसले, आमच्या वाडीवस्तीच्या पुलापर्यंत मात्र ते पोचले नाही.

दुसरी गोष्ट कोल्हापूरची. पंचगंगेवरचा शिवाजी पूल एकोणिसाव्या शतकातला, देखणा. शेजारी पर्यायी पूल बांधायला घेतला आणि तो अर्धवट राहिला, कारण जवळच ब्रह्मपुरीची टेकडी पुरातत्त्व कायद्याखाली संरक्षित आहे. परवानगीच्या कागदावर वर्षे गेली. २६ जानेवारी २०१८ च्या रात्री जुन्या पुलाचा कठडा तोडून एक मिनीबस नदीत कोसळली. तेरा माणसे गेली. नवा पूल २०१९ मध्ये पुरा झाला. वारसा जपायचा म्हणजे माणसांना अरुंद पुलावरून ढकलत राहायचे, असे नव्हे. जुन्याला खरे जपायचे असेल तर त्याच्या डोक्यावरचे ओझे काढायला नवा पूल आधी बांधला पाहिजे.

आणि खंडाळ्याचा अमृतांजन पूल? १८३० चा तो पूल एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीत रस्ते ओस पडले असताना, सुरुंग लावून पाडला. द्रुतगती मार्गाला त्याचे खांब अडथळा होत होते, अपघात होत होते, हे खरे. पण एकशे नव्वद वर्षांची वस्तू लोक घरात कोंडलेले असताना गेली. पाडायचेच असेल तर लोकांसमोर, चर्चा करून पाडा, एवढे तरी म्हणायचा आपला हक्क आहे.

केवळ दगडाचा पूल धोक्याचा आणि लोखंडाचा सुरक्षित, असेही नाही. १५ जून २०२५ ला मावळात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा लोखंडी पूल गर्दीच्या भाराने कोसळला, चार जण गेले. पूल धोकादायक असल्याचा फलक तिथे होता. फलक लावला की आपले काम संपले, असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी हे उदाहरण पुरेसे आहे.

दूर युरोपात बोस्नियातल्या मोस्तार गावचा १५६६ चा दगडी पूल १९९३ च्या युद्धात तोफांनी पाडला. २००४ मध्ये लोकांनी तो जुन्या पद्धतीनेच, तसल्याच दगडात पुन्हा उभारला. सिमेंटचा पूल स्वस्तात झाला असता. पण दोन काठ पुन्हा जोडायचे, तर तोच पूल हवा, असे त्यांना वाटले.

आमच्या गावचा नाला

आता माझी चूक सांगतो. दुसऱ्यांना शहाणपण शिकवणाऱ्याने आधी आपली चूक सांगावी.

आमच्या गावच्या नाल्यावर तीन कमानींचा दगडी पूल आहे. कुणी बांधला, पाटी नाही. गावची निम्मी जमीन नाल्यापलीकडे. मी शेतकी पदवी घेऊन गावात आलो तेव्हा पुलाच्या सांध्यांतला चुना झडला होता आणि कमानीच्या वर पिंपळ उगवला होता. गावाने मला विचारले. मी शिकलेला! मी म्हटले, सिमेंटने सगळ्या दरजा भरून टाका, कठड्याच्या खालची भोके बुजवा, म्हणजे पाणी शिरणार नाही, आणि पिंपळ तोडा. वर्गणी झाली, काम झाले, पूल नव्यासारखा दिसू लागला. लोकांनी मला शाबासकी दिली.

पाच-सहा पावसाळ्यांनंतर पुलाच्या एका बाजूची भिंत पोटासारखी पुढे आली. गावातल्या म्हाताऱ्या वडारबाबांना बोलावले. त्यांनी काठीने दगड ठोकून पाहिले आणि म्हणाले, ‘सायेब, तुमी त पुलाचं नाक-तोंड बंद केलं ना. आतलं पानी आता जाईन कुठं?’

मी खाली बसलो. जमीनशास्त्र मी कॉलेजात शिकलो होतो. आपली काळी जमीन पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसून हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्या भिंतीच्या मागे हीच काळी माती भरलेली. बांधणाऱ्याने भोके ठेवली होती ती तिचे पाणी निघून जायला. मी ती बुजवली. वर सिमेंटचे कडक कातडे चढवले, मऊ चुन्याला ओल बाहेर टाकता येईना. आणि पिंपळ वरून तोडला, मूळ आत जिवंत राहिले, ते दुप्पट फुटले. दगडात रुजलेले झाड ओढून काढायचे नसते आणि नुसते छाटूनही भागत नाही. रोप बोटाएवढे असतानाच मुळासकट काढायचे, आणि मोठे झाले असेल तर मूळ मारून, तेवढे दगड उकलून पुन्हा चुन्यात बसवायचे. हे मला तेव्हा सुचले नाही. वखराच्या पाळीचे महत्त्व तुम्हाला सांगणारा मी, पुलाची निंदणी विसरलो.

गेल्या पावसाळ्यात भिंत आणखी सुटली म्हणून बैलबंडीला पूल बंद केला. लोक खालच्या फरशीवरून जाऊ लागले. फरशीखाली नळे आहेत. आपण पऱ्हाट्या आणि तुराट्या नाल्याच्या काठाला टाकतो, पहिल्या पुरात त्या वाहत येऊन नळ्यांच्या तोंडात अडकतात, आणि पाणी फरशीवरून वाहते. माझा चुलतभाऊ घोटाभर पाण्यात बंडी घालून निघाला. मध्यावर पाणी वाढले. तो जू सोडवून वाचला, एक बैल वाचला. दुसरा दुसऱ्या दिवशी दीड कोस खाली बाभळीला अडकलेला सापडला.

बैल गेला तो दिसला. न दिसणारे नुकसान याहून मोठे. पाऊस उघडून वाफसा येतो तो दोन-चार दिवसांचा. त्याच दिवसांत नाल्याला पाणी असते. डवरणी चुकली, तण माजले, खत द्यायचे राहिले. पुढे परतीचा पाऊस आला, पलीकडची संकरित ज्वारी कापायला झालेली, कणसे भिजत उभी, आणि आम्ही अलीकडे उभे. आठ दिवसांनी गेलो तेव्हा दाणा काळा पडला होता. व्यापाऱ्याने भाव पाडला. ज्वारी काळी पडली ती बुरशीने, हे कृषी विद्यापीठ सांगेल. मी सांगतो, ती नाल्याने काळी पडली.

हाच बाबांच्या प्रश्नातला दडलेला प्रश्न. वऱ्हाडातून मुंबईपर्यंतच्या मोठमोठ्या नद्यांवर दीडशे वर्षांपूर्वी पूल झाले, कारण कापूस बंदरात पोचायला हवा होता. शेतापासून रस्त्यापर्यंतचा नाला मात्र तसाच राहिला. कापूस रस्त्यावर आला की तो व्यापाराचा माल होतो, त्याला पूल मिळतो. शेतात असेपर्यंत तो फक्त शेतकऱ्याचा असतो, त्याला पाणी उतरेपर्यंत थांबावे लागते.

पाडायचा की ठेवायचा?

येत्या ग्रामसभेत आमच्या गावात ठराव येणार आहे. जुना पूल पाडावा, त्याचेच दगड भरावात घालावेत आणि त्या जागी नळकांडी पूल करावा. गावातले तरुण त्या बाजूचे आहेत. त्यांची तळमळ खरी आहे, त्यांना ट्रॅक्टर न्यायचा आहे. मी त्यांना शत्रू मानत नाही. पण मी ठरावाला विरोध करणार आहे, आणि माझी कारणे अशी.

एक, नळकांडी पऱ्हाट्यांनी तुंबते, हे आपण फरशीवर भोगले आहे. बैल गेला तोच प्रकार पुन्हा, फक्त नव्या सिमेंटचा. दोन, जुन्या पुलाच्या कमानी पुराच्या पाण्याला पुरेशा मोठ्या आहेत. त्याचे दुखणे एका भिंतीत आहे आणि ते मी केलेले आहे. तीन, जड वाहनांसाठी उंच पूल शेजारी मागावा, जुना पूल माणसे, गुरे आणि बंडीसाठी दुरुस्त करावा. सावित्रीवर अवजड वाहने जुन्या पुलावरून जात राहिली. आपण ते करायचे नाही.

मात्र एक अट मी स्वतःवर घालून घेतली आहे. पाणी आटल्यावर जाणकार अभियंत्याकडून पाया उघडून पाहायचा. पाया खचलेला निघाला तर पूल पाडायच्या ठरावाला पहिला हात माझा. वडिलांची आठवण म्हणून कुजलेल्या आढ्याखाली कुणी लेकरांना निजवत नाही.

कामाचे पाच मुद्दे

भाषण ऐकून टाळ्या वाजवून घरी जायचे नाही. जिल्हा बैठकीआधी प्रत्येक गावाने एवढे करावे.

पहिला. गावातले सगळे पूल, मोऱ्या, फरश्या आणि उतार यांची यादी करा. प्रत्येकापलीकडे किती एकर शेती आहे आणि गेल्या पावसाळ्यात किती दिवस वाट बंद होती, ते लिहा. आकडा असला की साहेबाला उत्तर द्यावे लागते.

दुसरा. मृग लागायच्या आधी आणि दिवाळीनंतर, वर्षातून दोनदा पुलाखाली उतरून पाहा. पाया उघडा पडला का, भिंत पुढे आली का, कमानीतला दगड सरकला का, कठडा फुटला का. जिथे भेग असेल तिथे तारीख घालून रंगाची खूण करा. पुढच्या वेळी भेग खुणेबाहेर गेली असेल, तर लगेच लेखी कळवा आणि पोच घ्या.

तिसरा. पूल कुणाच्या ताब्यात आहे ते ठरवा. राज्य मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, ग्रामीण रस्ते जिल्हा परिषदेकडे. प्रत्येक कार्यालय दुसऱ्याकडे बोट दाखवते. २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्याखाली शेवटची तपासणी केव्हा झाली आणि त्यात काय लिहिले, याची नक्कल मागा.

चौथा. आपल्या हातातले आपण करा. पऱ्हाट्या नाल्यात टाकू नका, बारीक करून शेतात जिरवा किंवा खड्ड्यात कुजवा. जमिनीलाही खत मिळेल. पुलावरची रोपे लहान असतानाच उपटा. पाणी जाण्याची भोके मोकळी ठेवा. चुन्याच्या पुलाला सिमेंट लावू नका. आणि पुलाच्या आसपास वाळूचा ट्रॅक्टर उतरू देऊ नका, तो सख्ख्या भावाचा असला तरी.

पाचवा. फरशीवरून पाणी वाहत असेल तर बंडी घालायची नाही. गुडघाभर पाणी आहे, जाईन मी, असे म्हणू नका. वाहत्या पाण्याची खोली दिसते, जोर दिसत नाही. दोन्ही काठांना दगडी खांब रोवून त्यावर लाल रेघ मारा. पाणी रेघेला लागले की थांबायचे. ज्वारी काळी पडली तर पुढच्या वर्षी पुन्हा पेरता येते.

भावांनो, मघाशी बाबांनी विचारले, कापूस नद्या किती ओलांडतो. मी मोठ्या नद्या मोजल्या. खरे उत्तर असे आहे की पहिला नाला सोडून बाकी सगळे तो पुलावरून ओलांडतो. त्या पहिल्या नाल्याचा हिशेब आपल्याला मागायचा आहे. आणि मागताना, आपल्या बापजाद्यांनी रचलेला एखादा पूल तिथे अजून उभा असेल, तर त्याच्या खाली उतरून त्याची तब्येत आधी पाहायची आहे.

माझ्या गावची ग्रामसभा झाली की ठरावाचे काय झाले ते पुढच्या अंकात लिहीन. हरलो तरी लिहीन.